राग तेलियदू

"खोली नाही! चाळीत एकपण खोली नाही! जावा तुमी!"

"चाळ नव्हे हो, चाल! चाल!"

"तेच सांगतोय की! चाळ फुल्ल हाय!"

मी दारात उभा राहून ओरडत होतो, तो आतून ओरडत होता, आणि आमच्या दोघांच्या मधे चार यंत्रमाग आमच्या दोघांपेक्षा मोठ्यानं ओरडत होते. सोलापूरच्या पूर्व भागातला, तेलुगू विणकरांच्या वस्तीतला तो बोळ. तिथं मागांचा असा दणदणाट चाले की कावळे काव-काव करायचं सोडून एकमेकांना मानेनं खुणा करत, आणि कुत्री नुसता जबडा हलवून भुंकल्याचं समाधान मानून घेत. मी दोन्ही हातांचा कर्णा केला, बेंबीच्या देठापासून श्वास घेतला आणि कोकललो, "तुमच्या वडलांच्या चाली पाहिजेत मला! गाण्याच्या!"

नेमकी त्याच क्षणी लाईट गेली. सगळ्या बोळातले माग एकदम गप्प झाले आणि माझं ते "गाण्याच्या!" एकटंच उघड्यावर पडलं. नळावरच्या बाया वळून बघायला लागल्या. एकीची घागर भरून वाहायला लागली तरी तिला शुद्ध नव्हती.

मागवाला हात पुसत बाहेर आला. माझ्याच वयाचा, केसांत सुताचे तंतू.

"गाण्याच्या चाली? त्या इथं कुठल्या, सर? इथं चादरी."

"पण तुमचे वडील..."

"त्यांना चाली येत होत्या. मला माग येतो. आईला विचारा, ती आत हाय. तिला मराठी येत नाही, मला वेळ नाही."

लाईट आली. तो आत गेला, आणि माझ्या संगीतचरित्रकाराच्या कारकिर्दीला असा सुरुवातीचा ठेका मिळाला.

आता हे खूळ माझ्या डोक्यात आलं कसं, ते सांगतो. मी मूळचा करकंबचा, सोलापुरात एका शाळेत मराठी शिकवायला होतो. गाण्याचं वेड लहानपणापासून, फक्त गळा देताना देव दुसरीकडे बघत होता. मी गायला लागलो की आमच्या गोठ्यातली म्हैस दूध चोरायची. म्हणून मी गाणं ऐकायला लागलो, आणि ऐकता ऐकता एक अन्याय माझ्या ध्यानात आला. गाणाऱ्याचे हार, गाणाऱ्याचे फोटो, फार तर तबलजीला एक नारळ. आणि ज्यानं ती चाल मुळात बांधली, तो माणूस कुठंय? त्याचं कुणी नावही घेत नाही! मी ठरवलं, आपण चाली लावणाऱ्यांची चरित्रं लिहायची. आज माझी अशी पुस्तकं कपाटाचा एक खण भरून उरतील एवढी आहेत, आणि लोक मला सभेत पहिल्या रांगेत बसवतात. पण सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षी यातलं काहीच नव्हतं. होते फक्त माझे वडील.

"म्हंजी तू गातूस का?" वडलांनी विचारलं होतं.

"नाही."

"वाजीवतूस?"

"नाही. जे चाली बांधतात, त्यांच्याबद्दल लिहितो."

वडलांनी उसाच्या एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत चालत विचार केला. मग म्हणाले, "म्हंजी दुसऱ्यानं केल्यालं तिसऱ्याला सांगतूस."

संगीतशास्त्राची याहून नेमकी व्याख्या मी पुढं मोठमोठ्या परिषदांतही ऐकली नाही. पण वडील व्याख्येवर थांबणारे नव्हते. साखर कारखान्यात मामांची ओळख होती, उसाच्या गाड्या वजन करायच्या काट्यावर कारकुनाची जागा निघाली होती. वडलांनी निकाल देऊन टाकला, "दिवाळीपतुर तुझं पुस्तक छापणारा कुणी मिळाला तर र्‍हा सोलापुरात. न्हायतर गपगुमान काट्यावर बसायचं. कायमचं."

काटा! मला स्वप्नं पडायला लागली. स्वप्नात बैलगाड्यांची रांग पंढरपूरपासून माळशिरसपर्यंत लागलेली, आणि प्रत्येक बैल काट्यावर चढून माझ्याकडे बघत विचारतोय, 'लिहिलंस का?'

तर पहिलं चरित्र कुणाचं, हा प्रश्नच नव्हता. सोलापुरात तेव्हा कुठल्याही वरातीत बॅण्ड एक चाल हमखास वाजवायचा. नवरदेव घोड्यावर चढला की तीच चाल. शब्द नाहीत, नुसती चाल. मधेच एका जागी ती अशी अडखळायची, जणू उचकी लागली. त्या उचकीला वरातीतले सगळे नाचणारे एकदम खांदा उडवायचे. पोरं, म्हातारे, मारवाडी, विणकर, सगळे! एकदा तर घोड्यानंही खांदा उडवला आणि नवरदेव थेट सासऱ्याच्या मांडीवर गेला, हे मी स्वतः पाहिलंय.

ही चाल कुणाची? बॅण्डवाले म्हणत आमची. कुणी म्हणे हैदराबादहून आली, कुणी म्हणे सिनेमातली. गणपतीच्या मेळ्यांत तबला वाजवलेल्या एका म्हाताऱ्यानं मात्र मला सांगितलं, "मास्तरांची ती. पूर्व भागातले. दिवसभर माग, संध्याकाळी मेळ्याच्या पोरांना गाणी बसवून द्यायचे. वारले बिचारे." बस्स. त्या मास्तरांचं घर शोधत मी त्या बोळात पोचलो, आणि चाळीत खोली मागणारा भाडेकरू ठरलो.

पुण्याच्या एका प्रकाशकांना मी आधीच पत्र टाकलं होतं. त्यांचं उत्तर आलं, एक विणकर चाली लावायचा, एवढ्यावर पुस्तक होत नाही. काहीतरी नवं आणा, शास्त्राला धक्का बसेल असं.

धक्का! मी म्हटलं, देतो.

मास्तरांच्या बायको मागच्या खोलीत रहाटावर कांड्या भरत बसलेल्या असायच्या. कांडी म्हणजे मागावर आडवा दोरा नेणाऱ्या धोट्यात घालायची सुताची गुंडाळी. रहाट फिरतोय, सूत पळतंय, भिंतीपलीकडे माग धडधडतायत. आजींना मराठी तीन शब्द येत: "बस", "च्या घे" आणि "जा आता". मला तेलुगू त्याहून तीन शब्द कमी. पण संगीताला भाषा लागते का? मी शाळा सुटली की जायचो, हातवारे करायचो, "आजी, मास्तरांची चाल?" म्हणायचो, आणि आजी रहाट न थांबवता गुणगुणायच्या. मेळ्यातली गाणी, पाळणे, आरत्या. चालीच चाली! मी वेडा व्हायचाच काय तो बाकी होतो.

पहिली चाल संपल्यावर मी विचारलं, "आजी, राग? राग कुठला?"

आजींनी मान तिरकी केली, मनगट फिरवलं आणि म्हणाल्या, "तेलियदु."

अंगावर काटा आला! तेलियदू! हा राग मी जन्मात ऐकला नव्हता. दुसरी चाल मला भूपासारखी वाटली होती. विचारलं. आजी म्हणाल्या, "तेलियदु." तिसरी तर सरळसरळ भैरवी. "तेलियदु!" म्हणजे बघा, भूप आणि भैरवी ज्याच्या खिशात मावतात एवढा अफाट राग! आठवड्याभरानं एका पाळण्याला आजींनी जरा विचार केला आणि खांदे उडवून म्हणाल्या, "एमो... तेलियदु." मी समजलो, हा मिश्र प्रकार, एमो तेलियदू. आणि एकदा मी एकाच चालीबद्दल फार खोदून खोदून विचारलं, तेव्हा आजी जरा तीव्र स्वरात म्हणाल्या, "नाकु तेलियदु!" हे तर नावावरूनच कळत होतं. नाकातून गायचा प्रकार.

मुलाला विचारायचं मनात आलं नाही असं नाही. पण तो मागांच्या पलीकडे, आणि मागांवरून 'चाल'सुद्धा 'चाळ' होऊन पोचत होती. तिथं 'नाकु तेलियदू' काय होऊन पोचलं असतं, देव जाणे. शिवाय मी स्वतःच त्याची फोड केली होती. तेल म्हणजे दिव्याचं तेल, यदू म्हणजे यादव. देवगिरीच्या दरबारात दिवेलागणीला गायला जाणारा, पुढं लुप्त झालेला राग! दिवसाला एक पान लिहिणारा मी, एका बैठकीत चाळीस पानं लिहून उठलो. दिव्यातलं तेल संपलं, पण यादवांचं संपेना. ती सगळी पानं मी पुण्याला प्रकाशकांकडे धाडून दिली.

शहरातल्या एका वाचनालयानं माझं व्याख्यान ठरवलं. 'सोलापूरचा अज्ञात संगीतकार आणि एक अज्ञात राग.' अध्यक्ष म्हणून पुण्याचे एक बडे संगीतशास्त्री, ज्यांच्यासमोर गवई खोकतानाही सुरात खोकत. त्यांच्याबरोबर माझे प्रकाशक, हातात पिशवी, चेहऱ्यावर 'बघू' असा भाव. पुढच्या रांगांत वकील, डॉक्टर, शिक्षक. मागं मात्र सगळा पूर्व भाग लोटलेला, कारण आपल्या मास्तरांवर कुणीतरी बोलणार! आजींना मी मानानं पहिल्या खुर्चीवर बसवलं, शेजारी त्यांचा मुलगा. आणि अगदी शेवटच्या बाकावर, विणकरांच्या मधे, पटका बांधलेले माझे वडील. ते करकंबहून एस. टी.नं आले होते. दिवाळीला अजून तीन आठवडे होते, पण कारखान्यानं काट्यावर दुसऱ्या दिवशीच हजर व्हायला सांगितलं होतं आणि मला सोबत न्यायला म्हणून ते आले होते.

मी असा काही सुटलो! मास्तरांचा माग, मेळे, वराती, सगळं सांगितलं. लोक डोलायला लागले. मग मी आवाज खाली आणला, टेबलावर दोन्ही हात टेकले आणि म्हणालो, "आणि आता, सज्जनहो, या चालींचा राग. तो आहे... तेलियदू!"

मागच्या रांगांतून एक खसखस आली. मला वाटलं, आनंद.

"भूप म्हणाल तर तेलियदू! भैरवी म्हणाल तर तेलियदू!"

खसखशीचा हशा झाला. मी आणखी चेकाळलो. "त्याचा मिश्र प्रकार, एमो तेलियदू! आणि सर्वांत अवघड, फार आग्रह केल्याखेरीज जो ऐकायला मिळत नाही, तो नाकु तेलियदू!"

मागचा एक माणूस बाकावरून खाली गेला. त्याला उचलायला वाकलेला दुसरा त्याच्यावर पडला. पुढच्या रांगा गंभीरपणे टिपणं घेत होत्या, मागच्या रांगा डोळे पुसत होत्या, आणि आजी मुलाला कोपरानं ढोसून काहीतरी विचारत होत्या.

एवढ्या गोंधळात अध्यक्ष उठले. त्यांना राग माहीत नाही, असं पुण्यात आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं, सोलापुरात ते सुरुवात कशाला करतील? त्यांनी डोळे मिटले. "तेलियदू. अनवट राग. आरोहात निषाद दुर्बळ. लहानपणी गुरुजींकडून मी तो पुष्कळ ऐकला. आणि नाकु तेलियदू तर आमचे गुरुजी फारच सुंदर म्हणत. मैफलीत कुणी अवघड फर्माईश केली, की आधी नाकु तेलियदूच म्हणायचे!"

"म्हणत असतील की!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सभागृह फुटलं. छताचे पंखे हसण्यानं उलटे फिरायला लागले.

तेव्हा मास्तरांचा मुलगा उभा राहिला. मागांवरून बोलायची सवय असलेला तो आवाज सगळ्या हशावरून पुढं आला.

"सर! ओ सर! बास करा! तेलियदु म्हंजे 'माहीत नाही'! नाकु तेलियदु म्हंजे 'मला माहीत नाही'! एमो म्हंजे 'कुणास ठाऊक'! आई तुम्हाला राग सांगत नव्हती. तिला ठाऊक नाही, एवढंच सांगत होती!"

आता पुढच्या रांगांना कळलं आणि हशा दुसऱ्यांदा, समोरून आला. अध्यक्ष पाणी पिऊ लागले, पेला रिकामा होता तरी पीत राहिले. प्रकाशकांनी पिशवी उचलली आणि ते उभे राहिले. मी मागं पाहिलं. वडील हसत नव्हते. पटका सारखा करत होते, निघायच्या बेतानं. माझ्या डोळ्यांसमोर बैल आला. तो काट्यावर चढत होता.

माणूस बुडायला लागला की हातपाय मारतो. मी तोंड मारलं. "बरोबर!" मी टेबलावर हात आपटून ओरडलो. "मी तरी दुसरं काय सांगतोय? ज्यांना राग माहीत त्यांनी चाली बांधल्या, त्यात नवल काय? राग कुठला हे घरात कुणालाच माहीत नाही आणि चाल मात्र अख्ख्या सोलापूरच्या पायात! अशा माणसाचं चरित्र लिहायचं नाही, तर कुणाचं लिहायचं?"

"कुठली चाल?" प्रकाशकांनी उभ्या उभ्याच विचारलं.

"वरातीची!"

"ती यांचीच कशावरून?"

आता बोलून भागण्यासारखं नव्हतं. मी ते केलं, जे मी गोठ्यातल्या म्हशीच्या इज्जतीखातर कित्येक वर्षं टाळलं होतं. मी गायला लागलो. चार स्वर झाले असतील. पुढच्या रांगेतल्या डॉक्टरांनी नाडी बघायच्या तयारीनं हात पुढं केला. एवढ्यात आजी ताडकन उठल्या आणि माझ्याकडे बोट करून तेलुगूत काहीतरी कडाडल्या.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"गप्प बसा म्हणतीय," मुलगा म्हणाला. "मास्तरांच्या चालीचा मुडदा पाडू नका म्हणतीय."

आणि आजी स्वतः गायला लागल्या. आवाज थकलेला, पण सूर असा सरळ, की ओळंबा लावून बघावा. तीच चाल! वरातीत शब्दांशिवाय वाजणारी, पण इथं तेलुगू शब्दांसकट, बॅण्डपेक्षा कितीतरी सावकाश. चाल चढत गेली, वळली, आणि ती उचकीची जागा आली. अख्ख्या सभागृहानं सवयीनं खांदा उचलला.

आजी थांबल्या.

उचकी नव्हतीच तिथं. आजी गप्प उभ्या राहिल्या आणि त्यांनी अंगठा आणि पहिलं बोट हवेत एकमेकांवर चोळलं, हलकेच, काहीतरी वळल्यासारखं. मग पुढची ओळ उचलली. पुन्हा ती जागा आली, पुन्हा थांबल्या, पुन्हा तेच बोटांचं वळणं.

मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, पण आता तो ओरडत नव्हता. "हातमागावर बाबा गायचे, तेव्हा दोरा तुटायचा. गाठ मारेपर्यंत गाणं थांबवायचे. पुढं दोरा नाही तुटला तरी तिथं थांबायची सवयच लागली त्यांना."

मी मागं पाहिलं. मागच्या सगळ्या रांगांतले सगळे विणकर, मघाशी बाकावरून पडलेला तो माणूससुद्धा, बोटं चोळत होते. शंभर हात हवेत आणि शंभर न दिसणारे दोरे! अंगात असं वारं शिरलं की मी खुर्चीवर चढलो. "सापडलं!" मी किंचाळलो. "बॅण्डवाल्यांना माग ठाऊक नव्हता! त्यांनी गाठीची उचकी केली! ही चाल मागावर बसलेल्या माणसाशिवाय कुणाची असूच शकत नाही!" लोक उठले, टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी पुन्हा चाल सुरू केली आणि सगळा पूर्व भाग गायला लागला, प्रत्येक गाठीला थांबून. सोलापूरच्या इतिहासात गर्दी एवढ्या जोरात गप्प बसल्याचं तुम्हाला दुसरं उदाहरण सापडायचं नाही.

प्रकाशक पुन्हा खाली बसले. पिशवी खाली ठेवली. मला जवळ बोलावून म्हणाले, "हे लिहा. हे मी छापतो. दिवाळीच्या आत छापायला घेतो. ते तेलाचं आणि यादवांचं सगळं काढून टाका."

"सगळं?"

"एकूण एक पान."

मग अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या गुरुजींचा उल्लेख तेवढा पुस्तकात येऊ नये, असं ते सुचवत होते. मी शब्द दिला आणि पाळलाही. छापलं कधीच नाही. सांगत मात्र आलो आहे. आणि मी चुकलो, असं म्हणणाऱ्यांना मी आजही एकच विचारतो: भूप, भैरवी आणि पाळणा एका नावाखाली आणणारा दुसरा शास्त्रकार दाखवा.

गर्दीतून धक्के खात मी मागच्या बाकाकडे धावलो. वडील पटका बांधून, पायात चपला घालून उभे होते. माझ्या तोंडातून शब्द एकमेकांवर पडत बाहेर आले. "पाहिलंत ना? प्रकाशक छापतोय! पुण्याचा माणूस! ते दोऱ्याचं कळलं ना तुम्हाला? सगळे उभे राहिले! असे आणखी किती मास्तर असतील, बार्शीत, अक्कलकोटात, सगळ्यांच्या चाली मी..."

वडलांनी सगळं ऐकून घेतलं. मग एस. टी.ला उशीर होतोय का ते दारातून बाहेर डोकावून बघितलं.

"बरं," ते म्हणाले. "मग काट्यावर धाकट्याला लावतो."